रॉजर स्क्रुटन : परंपरावादी प्राध्यापक आणि राजकीय भाष्यकार

प्रस्तावना :
विद्यापीठातील अध्यापकाने राजकीय भाष्य करावे काय, आणि केल्यास त्याची विश्वासार्हता कशावर अवलंबून असते, हा प्रश्न उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात वारंवार उपस्थित होतो. या संदर्भात इंग्लिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रुटन (१९४४-२०२०) यांचे जीवनकार्य अभ्यसनीय आहे. प्रस्तुत निबंधात त्यांच्या कारकिर्दीतील निवडक घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

जडणघडण :
स्क्रुटन यांचा जन्म लिंकनशायर परगण्यात झाला. वडील शिक्षक व मजूर पक्षाचे कट्टर समर्थक होते. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. मे १९६८ मधील पॅरिसचे विद्यार्थी आंदोलन त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पिढीतील अनेकांना तेथे क्रांतीची पहाट दिसली. स्क्रुटन यांना मात्र पिढ्यान्पिढ्यांनी उभारलेले क्षणात मोडले जात असल्याचे जाणवले. पुढे १९७१ ते १९९२ या काळात त्यांनी लंडनच्या बर्कबेक कॉलेजमध्ये अध्यापन केले. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळी वर्ग चालविणारी ही संस्था होती. सौंदर्यशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. वास्तुकलेच्या सौंदर्यशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

वैचारिक भूमिका :
'द मीनिंग ऑफ कन्झर्व्हेटिझम' हा ग्रंथ १९८० मध्ये, म्हणजे मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्यानंतरच्या वर्षी, प्रकाशित झाला. तथापि तो थॅचर यांच्या आर्थिक धोरणाचा पुरस्कार नव्हे. हुजूर पक्ष मुक्त बाजारपेठेच्या आहारी जात आहे, अशीच त्यांची तक्रार होती. एडमंड बर्कप्रमाणे त्यांनीही समाज हा मृत, जिवंत आणि भावी पिढ्यांना जोडणारा वारसा मानला. कुटुंब, कायदा, धर्मसंस्था व विद्यापीठ ही त्या वारशाची अंगे होत. स्वातंत्र्यापेक्षा अधिकारसत्ता व निष्ठा यांना त्यांनी दिलेले अग्रस्थान उदारमतवाद्यांना मान्य होणे शक्य नव्हते.

प्रागमधील वर्ग :
स्क्रुटन यांच्या विचाराची खरी कसोटी इंग्लंडबाहेर लागली. १९६८ च्या लष्करी आक्रमणानंतर चेकोस्लोव्हाकियात अनेक प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यात आले होते. त्यांपैकी काही जण खाजगी घरांत गुप्तपणे वर्ग घेत. १९७९ मध्ये स्क्रुटन यांनी प्राग येथे अशा एका घरात व्याख्यान दिले. पुढे अशा वर्गांना ग्रंथ व व्याख्याते पुरविणाऱ्या यान हुस शैक्षणिक प्रतिष्ठानच्या कार्यात ते अग्रभागी राहिले. १९८५ मध्ये ब्रनो येथे त्यांना ताब्यात घेऊन देशाबाहेर घालविण्यात आले. विशेष म्हणजे ज्यांच्या विचारावर स्क्रुटन यांनी कठोर टीका केली, त्या झाक देरिदा यांनाही १९८१ मध्ये प्राग येथे अशाच वर्गानंतर अटक झाली होती. शिकविण्याच्या स्वातंत्र्यासाठी परस्परविरोधी मतांचे अध्यापक एकाच कार्यात सहभागी झाले, ही बाब लक्षणीय आहे. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांनी स्क्रुटन यांचा गौरव केला.

भाष्यकार आणि वादंग :
१९८२ पासून स्क्रुटन 'सॅलिसबरी रिव्ह्यू' या नियतकालिकाचे संपादक होते. १९८४ मध्ये त्यात ब्रॅडफर्ड येथील मुख्याध्यापक रे हनीफर्ड यांचा बहुसांस्कृतिक शिक्षणावर टीका करणारा लेख आला. हनीफर्ड यांच्या शाळेत आशियाई वंशाची मुले बहुसंख्य होती. लेखावर वंशवादाचा आरोप झाला आणि अखेर हनीफर्ड यांना मुदतपूर्व निवृत्ती घ्यावी लागली. या संपादकपदामुळे आपली ब्रिटनमधील विद्यापीठीय कारकीर्द संपुष्टात आली, असे स्क्रुटन यांनी पुढे नमूद केले.

परंतु २००२ मधील प्रकरण वेगळ्या स्वरूपाचे होते. एका तंबाखू कंपनीकडून ते दरमहा ४,५०० पौंड मानधन घेत असल्याचे व त्यात वाढ मागत असल्याचे उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविरोधी मोहिमेवर टीका करणारी पुस्तिका त्यांनी २००० मध्ये लिहिली, तेव्हा हा संबंध वाचकांपासून लपून राहिला होता. याउलट, एप्रिल २०१९ मध्ये एका साप्ताहिकातील मुलाखतीवरून त्यांना गृहबांधणीविषयक शासकीय आयोगाच्या अध्यक्षपदावरून काढण्यात आले. मुलाखतीतील विधाने अपुऱ्या स्वरूपात मांडल्याबद्दल साप्ताहिकाने माफी मागितल्यावर जुलैमध्ये त्यांना आयोगावर परत घेण्यात आले. १२ जानेवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
स्क्रुटन यांची मते स्वीकारार्ह आहेत काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मात्र त्यांच्या कारकिर्दीवरून असे दिसते की, अप्रिय मत मांडल्याने अध्यापकाचे पद जाऊ शकते, पण त्याचा अधिकार जातोच असे नाही. प्रागमध्ये तर तो वाढला. ज्या मानधनाची वाचकाला कल्पना नाही, त्याने मात्र तो निश्चितपणे उणावतो. विरोधकांनी केलेल्या टीकेपेक्षा त्यांची विश्वासार्हता त्यांच्या स्वतःच्या मौनानेच अधिक खालावली. मत कोणतेही असो, ते कोणाच्या वतीने मांडले जात आहे हे वाचकाला व विद्यार्थ्याला कळले पाहिजे. अध्यापकाच्या भाष्यस्वातंत्र्याची ही किमान अट मानावी लागेल.