आओराकी (माउंट कुक)
न्यूझीलंडमधील सर्वोच्च शिखर. उंची ३,७२४ मी. ते दक्षिण बेटावरील सदर्न आल्प्स पर्वतरांगेत आहे. न्गाई ताहू या माओरी जमातीच्या लेखी मात्र तो पूर्वज आहे. त्यांच्या कथेनुसार आकाशपिता राकिनुई याचा पुत्र आओराकी भावांसह होडीतून पृथ्वीवर आला. परतताना मंत्र चुकला, होडी खडकावर आदळून कलली. वर उचललेल्या कडेवर चढलेले भाऊ गारठून दगड झाले. होडीचे दक्षिण बेट झाले, सर्वांत उंच भाऊ आओराकी याचे हे शिखर. १९९८ च्या कायद्याने आओराकी हे नाव अधिकृतपणे जोडले गेले. गिर्यारोहकांनी अगदी टोकावर पाय ठेवू नये, अशी जमातीची विनंती असते. पहिली यशस्वी चढाई २५ डिसेंबर १८९४ रोजी फाइफ, ग्रॅहम व क्लार्क यांनी केली.