दिंडी : सोबतीने चालण्याची तीनशे वर्षांची व्यवस्था

१/ निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे घोळक्याने चालणारी माणसे दिसतात. आरोग्य आणि सोबत, ही त्यांची कारणे. ही सवय नवी वाटते. परंतु निगडीतूनच दर ज्येष्ठात एक फार जुनी सामूहिक पदयात्रा जाते. तिच्या रचनेचा हा इतिहास.

२/ पंढरीची वारी ज्ञानदेवांच्याही आधीची मानली जाते. तिला पालखीचे रूप दिले तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी. परंपरा १६८५ हे वर्ष सांगते. देहूहून तुकोबांच्या पादुका आळंदीस येत आणि तेथून ज्ञानदेवांच्या पादुकांसह पंढरपूरला जात.

३/ एकोणिसाव्या शतकात दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या. आळंदीच्या सोहळ्याची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या या सरदाराने वारीला लष्करी शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही या सोहळ्यात चालतात.

४/ या शिस्तीचा पाया म्हणजे दिंडी. रथापुढे किंवा रथामागे तिची जागा आणि क्रमांक ठरलेला. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया. अभंगाच्या ठेक्यावर पाऊल पडते, सामान वाहनातून पुढे जाते, मुक्कामी स्वयंपाक एकत्र होतो. एकट्याला जड जाणारे सुमारे अडीचशे किलोमीटर समूहाला झेपतात ते यामुळेच.

५/ मुक्कामाच्या समाजआरतीत चोपदाराने दंड उंचावताच टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. हरवले-सापडलेलेही तेथेच पुकारले जाते. हजारोंच्या गर्दीत एकाही दिंडीचे म्हणणे दबू नये, याची ही सोय.

६/ तथापि ही सोबत सर्वांना सारखी लाभली नाही. दलितांच्या दिंड्यांची जागा घोड्यांच्याही पुढे, मुख्य सोहळ्यापासून वेगळी राहिली. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या ब्राह्मण व मराठा वारकऱ्यांच्या पंगती मात्र वेगळ्या दिसतात. १९६२ मध्ये हा लेख इंग्रजीतून जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला.

७/ वाटेच्या शेवटी आणखी एक अडसर होता. पंढरपुरापर्यंत चालत आलेल्या अस्पृश्यांना विठ्ठल मंदिराचे दार बंद होते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी त्यासाठी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते उघडण्याचा निर्णय झाला.

८/ पुढे वाटेचे रूप पालटले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये महानगरपालिका आली. गावोगावचे लोक कामासाठी येथे स्थायिक झाले. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरातील तुकोबांच्या पालखीचा मुक्काम मात्र कायम राहिला.

९/ २०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. परंपरा खंडित झाली नाही, पण वाट ओस पडली. २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा निघाल्या. पादुका पोहोचवणे हे वारीचे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे, माणसांना एकमेकांसोबत चालवणे, हे दिंडीचे. कोणाला कोणत्या जागी चालू द्यायचे, हा तिचा जुना प्रश्नही तिच्यासोबतच चालत आला आहे.