कमला सोहोनी
कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत (१८ जून १९११ – २८ जून १९९८), या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

शिक्षण
१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. त्या स्त्री असल्याने संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग अवलंबल्यावर त्यांना एक वर्षाच्या परीविक्षेवर प्रवेश मिळाला. त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले व संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला. तेथे त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले. पुढे केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असल्याचे त्यांनी दाखवले. या संशोधनासाठी १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

कार्य
मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात व कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतील पोषक घटकांचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांच्या व गर्भवतींच्या आहारात नीरा उपयुक्त ठरते, असे त्यातून दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या याच संस्थेच्या संचालिका झाल्या.