इंजिन बदललं, तरी गाडी तीच?

आजचा भाग ऐकण्याआधी एक छोटं काम करा. फोनवर दोन फोटो शोधा. एक विलीज कंपनीच्या सीजे-३ए जीपचा आणि दुसरा सीजे-३बीचा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिलीचं बॉनेट बसकं आहे, दुसरीचं एकदम उंच. हेडलाइटच्या वर एवढी जागा मोकळी की कपाळ मोठं असलेला माणूस वाटावा. आपल्या आजोबांच्या काळापासून भारतात ज्या गाडीला लोक नुसतं ‘जीप’ म्हणत आले, ती ही उंच कपाळाची.

आता प्रश्न असा, की बॉनेट उंच का झालं? डिझायनरला तसं आवडलं म्हणून? नाही. नवं इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना म्हणून.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये ‘गो डेव्हिल’ नावाचं इंजिन होतं. २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर, बार्नी रूस या इंजिनिअरने तयार केलेलं. पुढे त्याच ब्लॉकवर वेगळं हेड बसवण्यात आलं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. याचं नाव ‘हरिकेन’. ताकद ७० हॉर्सपॉवरच्या थोडी पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. मग १९५३ साली कंपनीने सरळ बॉनेट वर उचललं आणि सीजे-३बी म्हणून गाडी विकायला काढली. जुन्या गाडीत नवं इंजिन, आणि ते बसावं म्हणून पत्र्याची कापाकापी. आपले मिस्त्री लोक जे करतात आणि ज्याला आपण जुगाड म्हणून हसतो, तेच. फक्त इथे कारखान्याने केलं, म्हणून त्याला ‘नवं मॉडेल’ म्हणायचं!

आजचा विषय हाच आहे: जुनी गाडी आणि तिच्यात बदललेलं इंजिन. निमित्त घरचं आहे, ते सांगतोच. पण आधी मुंबईला जाऊ.

१९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. भागीदार होते जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. १९४९ पासून मुंबईच्या माझगावात अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली. मग सीजे-३बी आली, आणि हा साचा महिंद्राने इतकी वर्षं चालवला की अमेरिकेत ती गाडी म्युझियममध्ये गेली तरी आपल्याकडे शोरूममध्ये मिळत होती.

याच घराण्यात एक विचित्र पोरगं होतं: एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपचीच चेसी, पण ड्रायव्हरची केबिन उचलून थेट इंजिनच्या वर ठेवलेली. फायदा काय? गाडीची लांबी तेवढीच राहते आणि मागे माल ठेवायला मोठा डाला मिळतो. डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचं. अमेरिकेत हा पिकअप १९५६च्या शेवटी आला आणि १९६५ मध्ये बंद पडला. साधारण त्याच सुमारास महिंद्राने तो इथे बनवायला घेतला. चपटं तोंड, मोठी काच, समोरून बघितलं तर हसल्यासारखा दिसतो. गैरसोय एकच, पण जबरदस्त: इंजिन ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, एका पत्र्याच्या पेटीखाली. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, त्या पेटीला मांडी लावून बसायचं. करा कल्पना.

तर आमच्या घरी अशी एक एफसी आहे. १९७२ची. आजोबांनी ती काटोलकडून नागपूरच्या संत्रा मार्केटला माल आणायला घेतली होती. गेली वीसेक वर्षं ती अंगणात टिनाच्या शेडखाली उभी होती. मागच्या दिवाळीपासून मोठेबाबा आणि मी ती उघडतोय. मी आठवडाभर लॅपटॉपवर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी हाताला ग्रीस लावतो. इंजिन वरून उचलता येत नाही, कारण वर छत आहे. म्हणून आख्खी केबिनच चेसीवरून सोडवली, गल्लीतल्या आठ जणांनी धरली, आणि चेन कुप्पी लावून इंजिन बाहेर काढलं.

आणि बाहेर काय निघालं? हरिकेन नाही. डिझेल.

तसं आम्हाला माहीत होतंच, आरसी बुकात १९८४ सालची नोंद आहे. पण समोर लटकताना बघणं वेगळं. हे डिझेल तिथे कसं आलं हे समजायला पुन्हा इतिहासात जावं लागतं.

ऑक्टोबर १९७३. अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला. बॅरलमागे ३ डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेलं. भारतात पेट्रोल महागलं. डिझेल मात्र सरकारने सांभाळून ठेवलं, कारण ते ट्रकचं, एसटीचं, शेतीच्या पंपाचं इंधन. पेट्रोल-डिझेलमधली ही दरी पुढे अनेक दशकं राहिली. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे थेट २०१४ मध्ये. म्हणजे विचार करा, चाळीस वर्षं या देशात ज्याच्याकडे मालाची पेट्रोल गाडी होती, त्याच्या खिशाला रोज भोक पडत होतं.

मग नवी डिझेल गाडी घ्यायची ना? इथे परवाना राज आडवं येतं. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, बाहेरून आणायच्या तर ड्यूटी डोक्यावरून जाणार. जनरल मोटर्ससारखी कंपनी पन्नासच्या दशकातच इथून गाशा गुंडाळून गेली होती. डिझेल कार म्हणाल तर अँबेसेडर १९८०च्या सुमारास आली. गाडी बदलणं परवडत नव्हतं, म्हणून लोकांनी इंजिन बदललं.

आणि गंमत म्हणजे कारखानाही तेच करत होता. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, आयटीसीआय. सत्तरच्या दशकात डिझेल जीप हवी झाली तेव्हा महिंद्राने या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन जीपला बसवलं. १९७७ मध्ये ही ट्रॅक्टर कंपनीच महिंद्रात विलीन झाली. नंतर फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेलचा परवाना घेतला. २११२ सीसी, कारसाठी बनलेलं, ट्रॅक्टरवाल्यापेक्षा बरंच शहाणं. तिकडे पुण्यात बजाज टेम्पो मर्सिडीजचं डिझेल मेटाडोरमध्ये घालत होती. (आपल्याकडे अजूनही कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘मेटाडोर’ म्हणतात, ते इथून आलं.) म्हणजे अमेरिकी चेसी, ट्रॅक्टरचं किंवा फ्रेंच इंजिन, मराठी ड्रायव्हर. शुद्ध, अस्सल असं त्यात काय होतं, सांगा.

आमच्या गाडीतलं काम कामठीच्या एका मिस्त्रींनी केलं होतं. कामठी म्हणजे छावणी, लष्कराच्या लिलावातल्या जीपा बघून बघून तिथल्या मिस्त्रींचा हात तयार झालेला. चाळीस वर्षांनी त्यांचं काम उघडून बघताना मला एखाद्या सिनिअरचा जुना कोड वाचल्यासारखं वाटलं. कॉमेंट एकही नाही, पण प्रत्येक ओळीला कारण आहे.

उदाहरणार्थ, डिझेलचा ब्लॉक आणि जीपचा गिअरबॉक्स यांची बोल्टची भोकं जुळत नाहीत. मध्ये जाड लोखंडाची प्लेट आहे, एका बाजूला इंजिनची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला अडॅप्टर म्हणतो, तो इथे हातात धरता येतो आणि चांगला जड असतो. प्लेटचं केंद्र जरा जरी हललं तर क्लच आणि बेअरिंग खातं. या प्लेटचं केंद्र आम्ही डायल गेजने तपासलं, अजून चोख आहे. इंजिन फाउंडेशन नव्याने वेल्ड केलेलं, कारण डिझेल जड आणि थरथर जास्त. पुढच्या पाट्यांमध्ये एकेक पान वाढवलेलं. एफसी मुळातच तोंडाने जड गाडी, त्यात हे वजन.

वेगाचं गणितही बघा. या गाडीच्या ॲक्सलचा रेशो ५.३८ आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. चाकाचा घेर साधारण २.३ मीटर. हरिकेन ४००० आरपीएमला गेलं तर कागदावर ताशी शंभरच्या पुढे. डिझेल आरामात २५०० फिरतं, त्यात येतात ६४ किलोमीटर. आजोबांनी वेग दिला आणि ओढ घेतली. संत्र्याच्या पेट्यांना घाई नसते, असं ते म्हणायचे म्हणे.

आणि वायपर! जुन्या जीपचे वायपर मोटरवर नाही, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचे. पेट्रोल इंजिन थ्रॉटल बंद असताना हवा ओढत असतं, त्या ओढीवर. डिझेलमध्ये बहुतेक वेळा तसा थ्रॉटल नसतोच, मग व्हॅक्यूम कुठून येणार? आमच्या गाडीत काचेच्या आतून एक छोटा दांडा काढलेला आहे. पावसात शेजारी बसणाऱ्याने तो हलवायचा. मोठेबाबा सांगतात, शाळेच्या सुट्टीत ती नोकरी त्यांची होती.

आता खरा पेच. आरसीवर गाडी १९७२ची, म्हणजे पन्नास वर्षं उलटली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली: २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेली चालणार नाही. म्हणजे आमची एफसी वयाने विंटेज, पण कागदाने नाही.

मोठेबाबांचं म्हणणं, हरिकेन शोधू. भंगारात अजून मिळतात, बोअर करू, पिस्टन-रिंग टाकू, गाडी होती तशी करू. त्यांना लहानपणीचा तो आवाज आठवतो. मी म्हटलं, “मोठेबाबा, तुम्ही दहा वर्षं वायपर हलवला तो या डिझेलच्या गाडीत. ती होती तशी म्हणजे नेमकी कधीची?” ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनी नवी आणली त्या दिवशीची.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी माझं मत सांगतो. विंटेजचा नियम राजा-महाराजांच्या गॅरेजमधल्या गाड्यांसाठी ठीक आहे, ज्या झाकून ठेवल्या म्हणून टिकल्या. राबणाऱ्या गाड्या टिकल्या त्या बदलल्या म्हणून. १९८४ मध्ये इंजिन बदललं नसतं तर ही एफसी केव्हाच भंगारात गेली असती, आणि आज तिला मूळ स्वरूपात आणायचा प्रश्नच आला नसता. शिवाय ती नोंद कायद्याने झालेली आहे, आरटीओचा शिक्का आहे.

आणि हे कुणी ऐकून लगेच घरच्या गाडीत इंजिन टाकायला निघणार असेल, तर थांबा. आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. खराब इंजिनच्या जागी त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालायचं तरी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा नंबर लागतो. कामठीच्या मिस्त्रींनी केलं ते काम आज त्याच पद्धतीने करता येणार नाही.

सध्या ठरलंय ते असं: डिझेलचं हाफ इंजिन काम करायचं, पंप आणि नोझल तपासून घ्यायचे, अडॅप्टर प्लेटला हात लावायचा नाही. नेहमीची फेरनोंदणी करायची, विंटेजच्या नादी लागायचं नाही. हरिकेन मिळालं तर मोठेबाबा ते विकत घेणार आणि स्टँडवर बसवून अंगणातच चालवणार, फक्त आवाजासाठी. वायपरला मी इलेक्ट्रिक मोटर लावणार होतो. त्यांनी नाही म्हटलं. दांडा राहणार.

पुढच्या भागात नागपुरातच राहू, मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियमकडे जाऊ. तुमच्या घरी अशी इंजिन बदललेली गाडी असेल तर आरसीवरचं साल आणि कुठलं इंजिन कुठल्या गाडीत, एवढं व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू.