मांडवीकाठची सोडून दिलेली राजधानी

पवईच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला आज जुन्या गोव्याला जावयाचे झाल्यास रात्री गाडीत बसावे आणि सकाळी करमळीला उतरावे, इतका हा प्रवास सोपा झाला आहे. परंतु हेच जुने गोवे एकेकाळी आपल्याला परदेश होते. १७३७ साली मराठ्यांनी मुंबईलगतची साष्टी जिंकली, १७३९ साली वसई पडली आणि आपला प्रदेश पोर्तुगीज अमलातून सुटला. तेव्हापासून १९६१ पर्यंत, म्हणजे २२४ वर्षे, गोवा आपल्या दृष्टीने परमुलूखच राहिला. त्यापूर्वी मात्र साष्टीचा कारभार वसईतून चाले आणि वसईला हुकूम गोव्याहून येत. आम्ही एक दिवस मांडवीकाठी घालविला तो याच जाणिवेने. आपण आपल्याच पूर्वजांची राजधानी पाहावयास आलो आहोत, असे मनाला वाटत होते.

दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यापासून आम्ही आरंभ केला. हे नगर नदीतून येणाऱ्याने पाहावे, अशाच रीतीने वसविलेले होते. धक्क्यावरून थोडे वर चढताच व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने १५९९ साली ती उभारली. आजची कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. नवा व्हाइसरॉय याच दारातून शहरात प्रवेश करीत असे. पुढे संत कायेतानचे चर्च, त्यानंतर १५६२ साली काम सुरू झालेले से कॅथेड्रल, आणि समोर संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष जतन करणारे बॉम जेझूचे मंदिर. कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही.

दुपारी झाडाच्या सावलीत विसावलो असता आमच्यातील एका मुलाने विचारले, “एवढी चर्चेस आहेत, मग माणसांची घरे कोठे गेली?” प्रश्न साधा होता, पण दिवसभर पाहिलेल्या साऱ्या वैभवापेक्षा तो मोठा होता. कारण या भव्य वास्तूंच्या मधोमध आता हिरवळ आणि माड आहेत. जेथे गजबजलेले रस्ते होते, तेथे शांतता आहे.

हे शहर कोणा शत्रूने जाळून टाकले नाही. येथील जमीन सच्छिद्र जांभ्याची. घराघरांतील घाण त्यातून झिरपून विहिरींच्या पाण्यात उतरत असे. १५४३ सालच्या भयंकर पटकीचे वर्णन गास्पार कोर्रेया या इतिहासकाराने करून ठेवले आहे. साथी वारंवार येत राहिल्या, त्यांना हिवतापाची जोड मिळाली आणि लोक हळूहळू निघून गेले. १६९५ साली व्हाइसरॉयनेही पणेलीला मुक्काम हलविला, १७५९ साली तो पणजीला गेला. १८३५ साली धर्मसंघ बरखास्त झाले व मठ ओस पडले. १८४२ साली संत ऑगस्टीनच्या चर्चचे छत कोसळले. आज त्याच्या मनोऱ्याचा एक अर्धा भाग तेवढा आभाळात उभा आहे. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

संध्याकाळी आम्ही संत पॉल महाविद्यालयापाशी गेलो. साथींमुळे येशूसंघीयांना ही वास्तूदेखील सोडावी लागली होती. आता केवळ तिचे प्रवेशद्वार उरले आहे. पण १५५६ साली भारतातील पहिला छापखाना येथेच आला. १५७९ साली लिस्बनहून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स याच शहरात उतरले, येथील माणसांची भाषा शिकले आणि सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी मराठीत रचले. १६१६ साली जुवारीकाठच्या राचोल येथे ते छापले गेले. राजधानी ओस पडली, पण त्या ओव्या लोकांच्या ओठी राहिल्या.

परतीच्या वाटेवर मन पवईकडे वळले. आपले पवित्र त्रैक्याचे धर्मग्राम आपला उगम १६व्या शतकातील येशूसंघीयांच्या कार्यात शोधते. त्या अर्थी ते या राजधानीचे समकालीनच. आपल्यापाशीही पाणी आहे. मिठी नदीच्या एका उपप्रवाहावर बांध घालून १८९१ साली पवईचा तलाव निर्माण झाला, तो मुंबईकरांची तहान भागविण्यासाठी. पण ते पाणी लवकरच पिण्यास अयोग्य ठरले, आणि आज तो तलाव सांडपाणी व जलपर्णी यांच्याशी झुंजतो आहे. त्याच्या काठी उंच इमारती मात्र वाढतच आहेत.

व्हाइसरॉयच्या कमानीने कितीतरी जयघोष ऐकले असतील, परंतु पायाखालच्या विहिरींची काळजी कोणी घेतली नाही. आपल्या मुलांच्या मुलांनी पवईत येऊन “माणसांची घरे कोठे गेली?” असे विचारू नये, एवढी तरी दक्षता आपण घ्यावयास नको काय?