मेणावर उभं राहिलेलं गाव

कलेच्या इतिहासाची पुस्तकं चोळमंडलच्या बाटिकला एखादं वाक्य देतात. मद्रासच्या चित्रकारांनी बाटिक करून विकलं, त्या पैशांतून समुद्रकाठी जमीन घेतली आणि 1966 साली चोळमंडल हे स्वतःचं गाव वसवलं, इतकं सांगून लेखणी पुढे सरकते. मी पुण्यात पुष्कळ वर्षं बाटिकचे वर्ग घेतले. त्या एका वाक्यात किती कष्ट दडले आहेत हे मला हातांनी माहीत आहे, म्हणून या गावाची गोष्ट मी मेणाच्या बाजूने सांगणार आहे.

बाटिकमध्ये आधी कापड धुऊन त्यातली खळ काढायची. मग पॅराफिन आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवायचं. पॅराफिनला तडे जातात, मधमाशीचं मेण लवचिक राहतं. तडे किती हवेत त्यावर दोन्हींचं प्रमाण. जिथे पांढरं राखायचं तिथे मेण लावायचं, पिवळ्यात बुडवायचं, वाळवायचं, पिवळं राखायचं तिथे पुन्हा मेण, मग तांबडा, मग तपकिरी किंवा काळा. फिक्याकडून गडदाकडे जाणारी ही वाट उलटी फिरत नाही. नॅप्थॉलचा रंग तर पहिल्या पाण्यात दिसतही नाही, दुसऱ्या पाण्यात, ‘सॉल्ट’ म्हणतात त्या रसायनात घातल्यावर तो उघडतो. म्हणजे शेवटचं चित्र आधी डोक्यात पक्कं हवं. सगळ्यात शेवटी कापड साबणाच्या पाण्यात उकळायचं, वर तरंगलेलं मेण काढून पुढच्या कामाला ठेवायचं. रविवार पेठेतून आणलेल्या रंगांच्या पुड्या, गॅलरीत फरफरणारा स्टो, घरभर मेणाचा वास आणि कोपरापर्यंत रंगलेले हात, असे माझ्या वर्गाचे दिवस असत. एक साडी पुरी व्हायला आठवडा सहज जाई. अशी कापडं विकून जमीन घेणं म्हणजे काय, हे ज्याने मेण गरम केलं आहे त्याला फोड करून सांगावं लागत नाही.

जावामधली ही कला आपल्याकडे नव्याने रुजली ती शांतिनिकेतनात. 1927 साली रवींद्रनाथ जावाला गेले, बरोबर सुरेंद्रनाथ कर होते. परतल्यावर बाटिक तिथे शिकवलं जाऊ लागलं आणि नंदलाल बोसांच्या कन्या गौरी भंज यांनी ते पुढच्या पिढ्यांच्या हाती दिलं. साठच्या दशकात शहरांतल्या घरांत बाटिकला मागणी होती: भिंतीवर लावायला, पडद्यांना, साड्यांना. तैलचित्र घेणारं घर शंभरांत एखादं असेल, पण बाटिकचा तुकडा मास्तरांच्या आणि कारकुनांच्या घरीही जाऊ शकत होता. चोळमंडलची सगळी मांडणी याच फरकावर झाली.

मांडणी करणारा माणूस के. सी. एस. पणिक्कर. 1911 साली कोइमतूरला जन्म, मद्रासच्या कलाशाळेत देवीप्रसाद रायचौधरींच्या हाताखाली शिक्षण. ही शाळा 1850 साली अलेक्झांडर हंटर या डॉक्टराने सुरू केली, आणि धातुकाम, सुतारकाम, मातकाम या गोष्टी तिच्या पायातच होत्या. मुंबईच्या जे. जे.पेक्षाही ती जुनी. 1944 साली पणिक्करांनी मद्रासला प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन काढली. आपल्याकडे ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हटलं की मुंबईचा 1947 चा गट डोळ्यांपुढे येतो. मद्रासने तीन वर्षं आधी सुरुवात केली होती, हे मराठी वाचकाला फारसं कोणी सांगितलेलं नाही. 1957 साली रायचौधरी निवृत्त झाले आणि पणिक्कर शाळेचे प्राचार्य झाले.

प्राचार्याच्या खुर्चीतून त्यांना जे दिसत होतं त्याने ते अस्वस्थ होते. मुलं पाच-सहा वर्षं शिकत, हात तयार होई, आणि पदविका मिळाली की चित्र संपे. मद्रासमध्ये चित्रं विकली जात नव्हती. कोणी विणकर सेवा केंद्रात नक्षीकार होई, कोणी जाहिरातीत, कोणी शाळेत ड्रॉइंग मास्तर. नोकरीत कमीपणा आहे असं मला म्हणायचं नाही, माझं घर शिकवणीवरच चाललं. पण दिवसभर दुसऱ्याच्या नक्ष्या काढून थकलेला हात रात्री स्वतःच्या चित्राकडे वळत नाही, हे खरं आहे. पणिक्करांनी यावर सुचवलेला उपाय असा की पोट भरणारं काम बाहेर शोधायला जाऊ नका, ते आपल्याच हातात ठेवा. शाळेत कारागिरी शिकलाच आहात. रोजचा काही वेळ हस्तकलेला द्या, माल एकत्र विका, आणि उरलेल्या वेळेवर फक्त तुमचा हक्क. बाजाराला काय आवडतं याचा विचार बाटिकपुरता ठेवायचा, कॅनव्हासपाशी तो येऊ द्यायचा नाही.

या विचारातून आर्टिस्ट्स हँडिक्राफ्ट्स असोसिएशन उभी राहिली. शाळेतली आणि नुकती बाहेर पडलेली मुलं बाटिक करू लागली, त्याची प्रदर्शनं लागली, माल खपला. त्या पैशांतून मद्रासच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या वाटेवर, इंजंबाक्कम या कोळ्यांच्या गावाजवळ दहा एकरांच्या आसपास वाळूची जमीन घेतली गेली. एप्रिल 1966 मध्ये गाव सुरू झालं, तीसेक कलाकारांचं. वर माडाच्या झावळ्या, भोवती सुरूची झाडं, वीज नाही. पुढच्या वर्षी पणिक्कर प्राचार्यपदावरून निवृत्त झाले आणि स्वतःही याच वाळूत राहायला आले. मुलांना वाट दाखवून आपण शहरात राहिले असते तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसं केलं नाही, आणि गाव टिकण्याचं ते एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

दुसरं कारण जमीन. इथे मुंबईकडे पाहावं लागतं. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या सहा जणांचा तो प्रोग्रेसिव्ह गट किती तेजस्वी होता! जुलै 1949 मध्ये त्यांचं प्रदर्शन बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलॉनमध्ये लागलं, उद्घाटनाला मुल्कराज आनंद आले. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, 1950 मध्ये रझा पॅरिसला, मग बाकरेही लंडनला. गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत अशी नवी माणसं जोडली गेली, तरी 1956 पर्यंत गट विसर्जित झालाच. त्यांच्यापाशी विचार होता, धाडस होतं, पण गटाच्या मालकीची म्हणावी अशी एक खोलीही नव्हती. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत पुढे काही वर्षं नंदनवन फुललं होतं. गायतोंडे आणि हुसेन तिथे चित्रं काढत, रविशंकरांची किन्नर ही संगीतशाळा तिथेच होती, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांच्या तालमी होत. एका दारातून चित्रकार बाहेर पडे तेव्हा शेजारच्या खोलीत सतार लागलेली असे. पण वास्तू दुसऱ्याच्या औदार्यावर उभी होती. ती पाडली गेली, आज तिथे आकाशगंगा नावाची उंच इमारत आहे. मुंबईच्या कलेचं त्या दिवशी जे गेलं ते पुन्हा जमलेलं नाही, आणि हे लिहिताना आजही मला हळहळ वाटते. चोळमंडलच्या जमिनीचे पैसे कलाकारांनी स्वतः भरले होते, म्हणून त्यांना तिथून कोणी उठवू शकलं नाही.

गावात घरापुढे घर, आणि प्रत्येक घरात काम. एस. जी. वासुदेव, हरिदासन, गोपीनाथ, सेनाधिपती, जयपाल पणिक्कर अशी पहिल्या पिढीची नावं. पी. व्ही. जानकीराम तांब्याचे पत्रे ठोकून त्यांतून देवतामूर्ती घडवत. पणिक्करांचा मुलगा नंदगोपाल पदार्थविज्ञान शिकून कलेकडे वळला आणि तांबं-पितळ जोडून समोरून पाहायची शिल्पं करू लागला. विश्वनाथन आणि अक्कितम नारायणन पॅरिसला गेले, तिथेच राहिले. जे. सुलतान अली जन्माने मुंबईचे. मद्रासला शिकले, दिल्लीत ललित कला अकादमीत नोकरी केली आणि मग चोळमंडलला घर केलं. बस्तरच्या आदिवासींच्या कथांनी भारलेली त्यांची चित्रं या गावात पुढे गेली. पहिल्या पिढीत स्त्रिया मात्र फार थोड्या. अर्नवाझ या एक, वासुदेवांच्या पत्नी. त्यांची रेखाटनं आणि तांब्याच्या पत्र्यावरचं काम स्वतंत्र नजरेने पाहायला हवं. 1988 मध्ये त्या अकाली गेल्या. अशा गावात स्वयंपाक, मुलं, पाहुणे कोणाच्या वाट्याला येत होते हे विचारल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इतिहासकारांनी ते अजून नीट विचारलेलं नाही.

आणि चित्रकार रामानुजम. शाई-लेखणीने तो महाल, ड्रॅगन, पंख असलेले प्राणी आणि गर्दीच्या मिरवणुकी काढी, आणि त्या साऱ्यात कुठेतरी टोपी घातलेला तो स्वतः असे. मनाच्या आजाराने तो ग्रासलेला होता. बाहेरच्या जगात त्याला नोकरी कोणी दिली नसती. इथे त्याला जागा होती, कागद होता, त्याची रेघ ओळखणारे शेजारी होते. तरीही 1973 मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. गाव त्याला वाचवू शकलं नाही. पण त्याचं जे काम आज आपल्यापुढे आहे, ते अशा शेजाराशिवाय झालं असतं असं मला वाटत नाही.

प्रदर्शनांचंही त्यांनी स्वतःच पाहिलं. शहरातल्या दालनाची तारीख मिळण्याची वाट बघण्याऐवजी गावातच कायमचं दालन केलं. महाबलीपुरमला जाणारे प्रवासी वाटेत थांबत. बाटिकची ओढणी घ्यायला आलेली बाई चित्रांसमोरून जाई आणि कधी एखाद्या चित्रापाशी रेंगाळे. प्रदर्शनात ही गोष्ट मी स्वतः अनेकदा पाहिली आहे: ‘कला बघायला चला’ म्हटलं की बुजणारी माणसं साडी बघायला निःशंक येतात आणि डोळे मोकळे असतात तेव्हा चित्रही बघतात. खुल्या रंगमंचाला सुब्रह्मण्य भारतींचं नाव दिलं, तिथे कविता, नृत्य, नाटक होऊ लागलं. बाहेरच्या देशांतले शिल्पकार येऊन राहिले, त्यांनी घडवलेले दगड झाडांखाली उभे आहेत. प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशनचं ‘आर्टट्रेंड्स’ नावाचं पत्र निघे, दक्षिणेतल्या चित्रांवर तेव्हा इतकं गंभीर लेखन दुसरीकडे होत नव्हतं. पुढे जोसेफ जेम्स या समीक्षकांनी गावावरचं मोठं पुस्तक संपादित केलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. हस्तकला ही फक्त पोटाची सोय होती आणि खरी कला निराळी, अशी वाटणी पुस्तकं करतात. मला ती पटत नाही. 1963 पासून पणिक्करांनी ‘शब्द आणि चिन्हं’ ही चित्रमाला सुरू केली, पत्रिकेसारखे चौकोन, न वाचता येणारी लिपी, गणितासारख्या आकृत्या, सगळं रेघेवर उभं. मद्रासच्या त्या पिढीत रेघेला जो मान आहे तो भारतात इतरत्र क्वचित दिसतो. आता मेणाची रेघ आठवा. ती खोडता येत नाही, ओढताना हात थांबला तर ठिपका पडतो, आणि ती जिथून गेली तिथला रंग शेवटपर्यंत तसाच राहतो. वर्षानुवर्षं असं काम केलेला हात कागदावर आला की तो वेगळाच चालणार. जानकीरामांचा ठोकलेला पत्रा आणि वासुदेवांचं तांब्यावरचं काम पाहताना तर कारागिरी कुठे संपली आणि शिल्प कुठे सुरू झालं हे मला दाखवता येत नाही. हे माझं मत आहे, पण ते मेणात हात घालून बनलेलं आहे.

पणिक्कर जानेवारी 1977 मध्ये गेले. बाटिकचा काळही ओसरला, चित्रांना गिऱ्हाईक आलं, झोपड्यांच्या जागी पक्की घरं झाली. वासुदेव बंगळूरला गेले. समोरचा रस्ता ईस्ट कोस्ट रोड झाला आणि वाळूला सोन्याचा भाव आला. 2009 मध्ये गावात मद्रासच्या या कलाचळवळीचं संग्रहालय उघडलं, त्यामागे नंदगोपाल यांची मेहनत मोठी होती, 2017 मध्ये तेही गेले. संग्रहालयात शिल्पं आणि चित्रं नीट जपली आहेत. जमिनीची किंमत फेडणारी कापडं मात्र विकली गेली, तीच तर त्यांची कामगिरी होती. ती मद्रासमधल्या, मुंबईतल्या, कुठल्या कुठल्या घरांत गेली, पडदे झाली, उशांचे अभ्रे झाली, धुऊन धुऊन विटली.

म्हणून एक विनंती. साठ-सत्तरच्या दशकात तुमच्या घरातलं कोणी मद्रासला नोकरीला असेल, सहलीला गेलं असेल, आणि ट्रंकेत तळाशी बाटिकचा एखादा जुना तुकडा असेल, तर तो पुसायला काढू नका. उजेडात धरा आणि उलट बाजूनेही बघा, अस्सल बाटिकचा रंग दोन्हीकडे सारखा उतरलेला असतो. कोपऱ्यात सही किंवा कागदी चिठ्ठी आहे का पाहा. कोणी, कधी, कुठून आणला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून एका कागदावर लिहा, कागद कापडाबरोबर ठेवा आणि त्याचे फोटो इंजंबाक्कमच्या संग्रहालयाला पाठवा.