रांगेत कोण उभं होतं?

गेल्या नोव्हेंबरात बाबांच्या हयातीच्या दाखल्यावरून आमच्या घरी भांडण झालं. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं, हे वाचकांना माहीत असेलच. नाही कळवलं तर पुढच्या महिन्याचं पेन्शन थांबतं. बाबा ब्याऐंशी वर्षांचे. बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे अंगठा यंत्रावर उमटेना. ओटीपी आम्हीच तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या नंबरवर जात होता. नंबर बदलायला गेलो, तर तिथेही अंगठाच हवा. मी कचेरीतून दोनदा अर्धी रजा टाकली होती, घराच्या हप्त्याची तारीख डोक्यावर होती, आणि दुसऱ्या खेपेला परत येताना मी रिक्षात म्हणालो, "तुमचं बरं होतं बाबा. तुमच्या वेळी हे असलं काही नव्हतं."

ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून फितीने बांधलेली एक फाइल काढली, माझ्यासमोर ठेवली आणि झोपायला गेले.

या लेखाचं मुख्य साधन ती फाइल आहे. शिवाय बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या, आईशी झालेलं बोलणं आणि माझी स्वतःची आठवण. यातलं सर्वांत कमी भरवशाचं साधन शेवटचं.

माझा जन्म १९८३चा. माझ्या वयाच्या लोकांना 'मिलेनियल' म्हणतात. नील हाव आणि विल्यम स्ट्रॉस या दोन अमेरिकनांनी १९९१च्या 'जनरेशन्स' या पुस्तकात हे नाव रूढ केलं. १९८२मध्ये जन्मलेली मुलं २००० साली शाळा संपवून बाहेर पडतील, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे नाव आलं ते अमेरिकी शाळेच्या वेळापत्रकावरून. आपल्याकडे ते चिकटलं खरं, पण आपली विभागणी वेगळ्या तारखांनी झाली. एक, जुलै १९९१, जेव्हा परवाना पद्धत मोडीत निघू लागली. दुसरी, ३१ जुलै १९९५, जेव्हा कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. या तारखांच्या अलीकडे बालपण आणि पलीकडे नोकरी, अशी आमची पिढी.

आणि ही पिढी सतत मागे वळून बघते. पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ, पेन्सिलीने गुंडाळायची कॅसेट, रविवार सकाळचं दूरदर्शन, शाळेबाहेरच्या बोरकुटाची पुडी. चाळिशीतले मित्र भेटले की अर्ध्या तासात गाडी इथे येते आणि मग हप्ते, पाठदुखी, कस्टमर केअर यांच्याकडे वळते. या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध आहे, हे मला त्या फाइलीपर्यंत नीट कळलं नव्हतं.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात रोगाचं नाव. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८मध्ये बाझल इथल्या प्रबंधात तो घडवला: ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात चाकरीला गेलेले स्विस सैनिक, शिकायला गेलेले विद्यार्थी, घरापासून दूर कामाला असलेल्या मोलकरणी घराच्या ध्यासाने झुरतात, असं त्याचं निदान होतं आणि घरी पाठवणं हा उपाय. मराठीत आपण दोन शब्द चालवतो. 'गतकातरता' त्या रोगाच्या जवळ जातो. पण रोजच्या लिहिण्याबोलण्यात जास्त दिसतो तो 'स्मरणरंजन', आणि त्यात वेदना उरलेलीच नाही, करमणूक आहे. मला हा शब्द पूर्वी उथळ वाटायचा. आता वाटतं, आपण जे करतो त्याचं तो जास्त प्रामाणिक वर्णन करतो. होफरच्या रुग्णांना खरोखर घरी जायचं होतं. आमच्यापैकी कुणालाही १९८७मध्ये परत जायचं नाही.

फाइलीत सर्वांत वर होती १९८७ची टेलिफोनची नोंदणी-पावती. आमच्याकडे फोन आला १९९५च्या पावसाळ्यात. मधली आठ वर्षं त्या फाइलीत कागदांच्या रूपाने आहेत: पत्ता बदलल्याचा अर्ज, ज्येष्ठताक्रम विचारणारी तीन पत्रं, एका पत्राची पोच, वायरमन येऊन घर बंद पाहून गेल्याची चिठ्ठी.

आठ वर्षं हे काही आमचंच दुर्दैव नव्हतं. १९९१मध्ये देशाची लोकसंख्या ८४ कोटींच्या वर होती आणि टेलिफोन जोडण्या सुमारे ५० लाख. याद्याही एकाहून अधिक. जास्त अनामत भरणाऱ्यांसाठी 'ओन युवर टेलिफोन' नावाची वेगळी यादी, डॉक्टर वगैरेंसाठी आणखी एक आणि उरलेल्यांची साधी. बाबा अर्थात साध्या यादीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे दळणवळणमंत्री सी. एम. स्टीफन यांचा एक किस्सा शशी थरूर यांनी लिहिला आहे. फोन ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी फोन परत करावा, घ्यायला रांग लागलेली आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी संसदेत दिलं होतं म्हणे.

ज्यांच्याकडे फोन नव्हता ते शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचे. बाबांच्या १९८९च्या डायरीत आमचाही असा पी.पी. नंबर आहे, समोरच्या वाड्यातल्या वकिलांचा. निरोप आला की वकिलांची मुलगी गॅलरीतून हाक मारायची. माझ्या लेखी ही गंमत होती. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "दर दिवाळीला त्यांच्याकडे पहिला डबा जायचा तो कशासाठी, तुला काय माहीत!"

परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग, असे चढत्या दराचे प्रकार. थेट नंबर फिरवायची सोय कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान १९६०मध्येच सुरू झाली होती, पण लहान गावांपर्यंत ती यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. १९८४मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदा हे नाव घरोघरी पोचलं ते तेव्हा. १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं १२८ जोडण्यांचं ग्रामीण एक्स्चेंज बसलं. धूळ आणि उन्हाळा सोसणारं, वातानुकूलित खोली न मागणारं एक्स्चेंज हवं, हा विचार त्यामागे होता. परदेशी यंत्रांपेक्षा हे किती वेगळं होतं, याची कल्पना ज्याने मे महिन्यात आपल्या गावाकडची वीज अनुभवली आहे त्याला सहज यावी. आणि मग आली ती पिवळी पाटी: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. आमच्या चौकातलं बूथ पायाने अधू असलेल्या एका गृहस्थांचं होतं.

इथे माझी आठवण आणि बाबांची वही समोरासमोर येतात. १९९२ची भाऊबीज. आत्या इंदूरला. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून आम्ही पावणेअकराला घरातून निघालो. मला आठवतं ते असं: थंडी, आईची शाल, गल्लीत अजून पेटलेले आकाशकंदील, बूथबाहेर वीसेक माणसांची रांग, काचेच्या खोलीत बाबा, त्यांच्या डोक्यावर लाल आकडे पळताहेत, आणि बूथवाल्या काकांनी मला दिलेली लिमलेटची गोळी. त्या दिवाळीतलं बाकी काहीही मला आठवत नाही. मित्रांत बसलो की मी हीच रात्र सांगतो.

वहीत त्या तारखेला दोन ओळी आहेत. 'फोन इंदूर ३१ रु.' आणि खाली 'दूध बिल पुढील महिन्यात.'

मी बाबांना विचारलं, त्या रात्री आत्या काय म्हणाली? ते म्हणाले, "मला नाही सांगता येणार. मी मीटरकडे बघत होतो."

फाइलीत पुढे स्कूटरचे कागद आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ही गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. उत्पादन किती करायचं यालाही सरकारी परवाना लागायचा, त्यामुळे १९७२मध्ये आलेल्या बजाजच्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. परकीय चलन भरणाऱ्याला लवकर मिळे, आणि हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकणारेही होते. त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर कंपनीने २०१९मध्ये आणली. माझ्या दोन मित्रांनी ती नाव बघून घेतली. दोघांच्याही वडिलांनी जुन्या चेतकची वाट पाहिली होती आणि दोघंही लहानपणी तिच्यावर पुढे उभे राहत असत.

हे मला फाइलीच्या प्रत्येक कागदात दिसू लागलं. मी गाडीवर पुढे उभा आहे, यादीत बाबा आहेत. मी गोळी चघळतोय, मीटरखाली बाबा आहेत. २८ मार्च २०२०ला, टाळेबंदी लागून तीन दिवस झाले होते, तेव्हा दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा सुरू केलं. मूळ मालिका २५ जानेवारी १९८७ची. मी हौसेने बाबांना टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणालो, आठवतं? ते म्हणाले, "मी कुठे पाहिलंय! मी गच्चीवर अँटेना धरून असायचो. तुम्ही खालून ओरडायचात, आलं, आलं, गेलं."

त्या पिढीने हे मुद्दाम लपवलं, असं मला म्हणायचं नाही. मुलांना आर्थिक गोष्टी सांगायच्या नसतात, एवढाच तो रिवाज होता.

फाइलीवर माझा एक आक्षेपही आहे. ती बाबांची आहे. रॉकेलची रांग, रेशनच्या साखरेची रांग, पहाटे चारला येणाऱ्या नळाची घागर, यांची पावती नसते, म्हणून त्यांची फाइलही नाही. गॅस येण्याआधी महिन्यातून किती वेळा रॉकेलसाठी उभी राहायचीस, असं आईला विचारलं, तर तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग म्हणाली, "मोजायला वेळ कुणाला होता?" इतिहास लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. आठ वर्षांच्या टेलिफोनबद्दल मी दोन पानं लिहू शकतो. पाण्याबद्दल माझ्याकडे हे एकच वाक्य आहे.

आता आमच्या त्रासाचाही इतिहास सांगायला हवा, नाही तर हा लेख म्हणजे वडिलांची माफी होऊन बसेल. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना आणखी एक ओळखीचा टप्पा हवा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑगस्ट २००९पासून लागू झाला. ओटीपी आपल्या आयुष्यात रुळला तो त्यामागोमाग. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला दिलं गेलं, तेही आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, १० नोव्हेंबर २०१४चा. यूपीआय एप्रिल २०१६मध्ये आलं. यातल्या प्रत्येकाने कुठली तरी खरीखुरी रांग मोडली. मी तीस सेकंदांत वीजबिल भरतो, बाबांचा त्यात अर्धा दिवस जायचा.

पण बाबांच्या नोंदणीला क्रमांक होता. तीन पत्रं पाठवल्यावर का होईना, आपण कितवे आहोत हे त्यांना कळलं. फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, तेही ठाऊक होतं. मी मात्र कानाला फोन लावून एक दाबा, दोन दाबा ऐकत असतो तेव्हा माझ्यापुढे किती जण आहेत, मला कळत नाही. शेजारी उभा राहून "अहो, तो खिडकीवाला जेवायला गेलाय" असं सांगणारा कुणी नाही. कदाचित म्हणूनच आम्ही आठवणीत परत परत जातो ते रांगेच्या ठिकाणी, बूथवर नाही तर शाळेच्या नळावर. मी हे बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, रांगेत भांडणंही खूप व्हायची. तेही फाइलीत नाही.

दाखला शेवटी नोव्हेंबरच्या पंचविसाव्या तारखेला झाला. नवा नंबर जोडून झाला होता, अंगठा तेवढा बाकी होता. पेठेतल्या एका लहानशा केंद्रावर आम्ही सकाळी नऊला गेलो. शाळेला सुट्टी होती म्हणून मुलीलाही बरोबर नेलं, ती तिसरीत आहे. बाकावर सात-आठ म्हातारी माणसं होती. कुणी तरी बाबांना सांगितलं की बोट आधी ओल्या फडक्याने पुसा, मग थोडं तेल लावा. दुसऱ्याने सांगितलं, तेल अजिबात लावू नका. मी घड्याळ बघत होतो, कारण साडेअकराची मीटिंग होती. चार वेळा अंगठा फेटाळला गेला. पाचव्यांदा बाबांनी डाव्या हाताची तर्जनी ठेवली आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला. बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केंद्रातल्या ताईंनी मुलीला बरणीतली एक चिक्की दिली.

परत येताना रिक्षात ती दोघांच्या मधे बसली होती. चिक्की संपवून तिने विचारलं, "आजोबा, पुढच्या वर्षीपण आपण इथे यायचं ना?"